फ्रेंच वाइन निवडताना मार्गदर्शिका कशी वापरावी: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

फ्रेंच वाइनची मार्गदर्शिका विकत घेणारे बहुतेक वाचक ती उलट्या क्रमाने वापरतात. आधी सर्वाधिक गुणांची नावे शोधायची, ती मोबाइलमध्ये टिपून दुकानात जायचे, तिथे त्या नावाशी मिळतेजुळते जे दिसेल ते उचलायचे आणि बाटली उघडल्यावर निराशा झाली की मार्गदर्शिकेला बोल लावायचा, असा तो क्रम असतो. मार्गदर्शिका एका विशिष्ट उत्पादकाच्या, विशिष्ट वर्षाच्या, विशिष्ट वाइनविषयी बोलत असते. दुकानातली बाटली तीच आहे की नाही, हे पाहण्याचे काम मात्र ग्राहकालाच करावे लागते. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा उपयोग भरवशाचा उत्पादक ओळखण्यासाठी होतो, आणि गुणांचा आकडा ही सर्वांत शेवटी पाहायची गोष्ट आहे. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. पॅरिस किंवा लंडनमध्ये राहून खरेदी करणाऱ्यांना आणि मुंबई-पुण्यातल्या दुकानांत मोजक्याच आयात बाटल्यांतून निवड करणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो.

## पूर्वतयारी: मार्गदर्शिका उघडण्याआधी

तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा: बाटली कधी उघडायची आहे, कशाबरोबर प्यायची आहे आणि जास्तीत जास्त किती खर्च करायचा आहे.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विचारला जात नाही. मोठे गुण बहुधा दीर्घकाळ मुरवण्यासाठी केलेल्या वाइनला मिळतात. बोर्दोमधील पोयाकची उत्तम सालातली रेड तीन-चार वर्षांची असताना तुरट, घट्ट आणि मिटलेली असते; परीक्षक तिच्या पुढील पंधरा-वीस वर्षांचा अंदाज बांधून गुण देतो. येत्या शनिवारी पाहुणे जेवायला येणार असतील, तर त्या यादीतली वरची नावे आपल्या कामाची नाहीत. आपल्याला ‘आताच पिण्याजोगी’ असा शेरा असलेली, कमी गुणांची वाइन अधिक सुख देईल.

दुसऱ्या प्रश्नाबाबत एक अडचण आहे. मार्गदर्शिकांतील जोड्या फ्रेंच जेवणासाठी सुचवलेल्या असतात: कोकराचे मांस, बदक, चीज. मिरचीच्या तिखटाने रेड वाइनचा तुरटपणा आणि अल्कोहोलची जळजळ दोन्ही वाढतात, त्यामुळे ‘मटणाबरोबर उत्तम’ हा शेरा तांबड्या रश्शाला जसाच्या तसा लावता येत नाही. अशा जेवणासाठी अल्सासची किंचित गोडसर रिसलिंग, ल्वार खोऱ्यातील व्हूव्रेची ‘दमी-सेक’ (अर्धगोड), किंवा रेडच हवी असेल तर बोजोलेची कमी तुरट, थोडी थंड केलेली वाइन शोधावी. तळलेल्या सुरमईसाठी ल्वारच्या मुखाशी होणारी म्युस्कादे चांगली जुळते.

खर्चाविषयी इतकेच, की मार्गदर्शिकेतील युरो किंमत फ्रान्समधली असते. भारतात आयात शुल्क आणि राज्याचा कर धरून ती कितीतरी पट होते. त्या आकड्याचा उपयोग दोन वाइनांची परस्पर तुलना करण्यापुरताच ठेवा.

तपासणी: ‘कधी उघडणार’ याचे उत्तर महिना किंवा वर्ष या स्वरूपात लिहिले आहे का? ‘कधीतरी’ असे लिहिले असेल, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 1: प्रस्तावना वाचा

प्रस्तावनेत चाखण्याची पद्धत दिलेली असते, आणि ती न वाचता पुढचे गुण समजत नाहीत. तीन गोष्टी शोधा: लेबल झाकून चाखले का, नमुने कोणी दिले आणि गुणांची पट्टी कोणती.

‘गीद आशेत’ या वार्षिक मार्गदर्शिकेचे उदाहरण घ्या. तिच्यात वाइन लेबल झाकून चाखली जाते आणि शून्य ते तीन तारे दिले जातात. तारा नसलेली वाइनही निवडलेलीच असते. नापास झालेल्या वाइन पुस्तकात येतच नाहीत. मुख्य मुद्दा असा की हे तारे त्या-त्या आपेलासिओंच्या, म्हणजे कायद्याने आखलेल्या भौगोलिक नामांकनाच्या, आतल्या आत दिलेले असतात. दोन ताऱ्यांची म्युस्कादे ही इतर म्युस्कादेंच्या तुलनेत दोन ताऱ्यांची असते. तिची दोन ताऱ्यांच्या पोयाकशी तुलना करणे चूक आहे. शिवाय नमुने उत्पादकांनी पाठवलेले असतात. ज्यांना प्रसिद्धीची गरज उरलेली नाही, अशी अनेक नामांकित घराणी नमुने पाठवत नाहीत. म्हणून एखादे नाव पुस्तकात नसणे, हा त्या वाइनविरुद्धचा पुरावा मानू नये.

‘ला रव्यु द्यु व्हँ द फ्रान्स’ या मासिकाची मार्गदर्शिका वेगळ्या पद्धतीची आहे. तिच्यात तारे उत्पादकाला, म्हणजे संपूर्ण घराण्याला असतात आणि वाइननिहाय गुण वेगळे दिलेले असतात. मिशेल बेतान व थिएरी दसोव्ह यांच्या मार्गदर्शिकेतही उत्पादकाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे केलेले असते. तीन ताऱ्यांच्या घराण्याची सर्वांत साधी वाइन घेऊन ‘तीन ताऱ्यांची वाइन आणली’ असे समजणे, ही दोन पट्ट्यांची गल्लत आहे.

सावधान: 20 पैकी गुणांचे 100 पैकी गुणांत गणिती रूपांतर करू नका. ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन 20 पैकी गुण देतात आणि त्यांचे 17 म्हणजे सरस दर्जा. 100 च्या पट्टीवर, जी अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्या ‘द वाइन अ‍ॅडव्होकेट’मुळे जगभर रूढ झाली, 85 म्हणजे जेमतेम बरी. गणिताने दोन्ही आकडे सारखे येतात. प्रत्यक्षात त्यांत मोठे अंतर आहे.

सावधान: मुखपृष्ठावरील वर्ष हे वाइनचे वर्ष नव्हे. वार्षिक मार्गदर्शिका आदल्या वर्षाच्या उन्हाळ्याअखेरीस बाजारात येतात आणि त्यांतील रेड त्याच्याही एक-दोन वर्षे आधीच्या हंगामाच्या असतात.

## टप्पा 2: प्रदेश आणि दर्जाची पायरी समजून घ्या

‘ग्राँ क्रू’ हे शब्द लेबलवर दिसले की सर्वोच्च दर्जा, असे पुष्कळजण धरून चालतात. बर्गंडीत ते खरे आहे: तिथे पायऱ्या जमिनीच्या आहेत, सर्वांत वर 33 ग्राँ क्रू, त्याखाली प्रीमिए क्रू, मग गावाचे नाव, मग प्रदेशाचे. बोर्दोतील सेंत-एमिलियोंमध्ये मात्र ‘सेंत-एमिलियों ग्राँ क्रू’ हे एका आपेलासिओंचे नाव आहे आणि शेकडो साधे उत्पादकही ते कायदेशीरपणे लावतात. निवड होऊन मिळणारा दर्जा ‘ग्राँ क्रू क्लासे’ हा आहे. तो शेवटचा ‘क्लासे’ शब्द लेबलवर आहे का, ते पाहावे लागते. त्या वर्गवारीचा फेरआढावा साधारण दहा वर्षांनी होतो. 2022 च्या यादीत 85 शॅटो, म्हणजे वाइन बनवणारी घराणी, आहेत. पण शॅटो शव्हाल ब्लाँ, शॅटो ओझोन आणि शॅटो आंजेल्यूस यांनी त्याआधीच माघार घेतली, त्यामुळे तिथली तीन अतिप्रसिद्ध नावे यादीत नाहीत आणि तरीही त्यांची वाइन तितकीच महाग आहे.

बोर्दोतील मेदोक भागाची 1855 ची वर्गवारी तर त्या काळच्या बाजारभावावरून ठरली होती आणि ती जमिनीला नव्हे, शॅटोच्या नावाला चिकटलेली आहे. तेव्हापासून मेदोकच्या वरच्या श्रेणीत झालेला ठळक बदल एकच, 1973 मध्ये शॅटो मुताँ-रोथशिल्डला मिळालेली बढती. पाचव्या श्रेणीतले शॅटो लँश-बाज आज दुसऱ्या श्रेणीतल्या काही शॅटोंपेक्षा अधिक मानले जाते. कोणतीही चांगली मार्गदर्शिका हे सांगते. त्यासाठीच ती वाचायची.

## टप्पा 3: आधी उत्पादक निवडा

इथे घाई करू नका. मार्गदर्शिकेवर दिलेला वेळ सर्वाधिक इथेच सार्थकी लागतो.

बर्गंडीतील क्लो द व्हूजो हा एकच ग्राँ क्रू घ्या. सुमारे 50 हेक्टरची ही भिंतीआडची बाग आहे आणि तिचे ऐंशीहून अधिक मालक आहेत. कोणाच्या ओळी उतारावर वरच्या बाजूला, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत आहेत, तर कोणाच्या खाली रस्त्यालगतच्या जड मातीत. कोणी द्राक्षे वेळेवर तोडतो, कोणी जास्त पीक घेतो. लेबलवर सगळ्यांचे नाव तेच, दर्जा तोच, आणि बाटलीतली वाइन पूर्णपणे वेगळी. या फरकाविषयी लेबल काहीच सांगत नाही.

कृती अशी: आपल्या खर्चात बसणाऱ्या आपेलासिओंचे पान उघडा. शक्य असल्यास त्याच मार्गदर्शिकेची लागोपाठ दोन-तीन वर्षांची पुस्तके जवळ घ्या; ग्रंथालयातली किंवा जुन्या बाजारातली चालतील. एखादा उत्पादक दरवर्षी येतो का आणि वाईट हंगामातही येतो का, ते पाहा. चांगल्या सालात सर्वांचीच वाइन बरी होते. अवघड सालात ज्याच्या वाइनची प्रशंसा झाली, त्याचे काम पक्के समजावे. असे चार-पाच उत्पादक निवडून यादी करा. एकदाच आलेला तीन ताऱ्यांचा चमत्कार या यादीत घेऊ नका.

उत्पादन किती बाटल्यांचे आहे, तेही पाहा. ‘गीद आशेत’मध्ये तो आकडा दिलेला असतो. दोन-तीन हजार बाटल्यांची वाइन पुस्तक बाजारात येईपर्यंत बहुधा संपलेली असते. तिच्यामागे धावण्याऐवजी त्याच उत्पादकाच्या मोठ्या प्रमाणात होणाऱ्या वाइनचे टिपण वाचा.

तपासणी: यादीत उत्पादकांची नावे आहेत की केवळ गावांची? ‘एखादी चांगली शाब्ली’ असे लिहिले असेल, तर हा टप्पा पुन्हा करा.

## टप्पा 4: चार गोष्टी जुळवा

उत्पादक, आपेलासिओं, क्युव्हे म्हणजे त्या वाइनचे स्वतःचे नाव, आणि हंगामाचे वर्ष. चारही जुळल्या तरच मार्गदर्शिकेतील टिपण त्या बाटलीला लागू होते. तीन जुळून चौथी चुकली, तर ते दुसऱ्याच वाइनचे टिपण आहे.

चुका कुठे होतात, ते पाहू.

उत्पादकाच्या नावात: बर्गंडीत एकाच कुटुंबाच्या वाटण्या होऊन अनेक घराणी झाली आहेत. व्होन-रोमानेच्या ग्रो कुटुंबातून मिशेल ग्रो, आन ग्रो, ए. एफ. ग्रो आणि ग्रो फ्रेर ए सर ही चार वेगवेगळी घराणी झाली. ‘ग्रो’ एवढेच लक्षात ठेवून गेलात, तर कोणाची वाइन हातात येईल, हे सांगता येणार नाही.

आपेलासिओंच्या नावात: पुयी-फ्युमे ही ल्वारची, सोव्हिन्यों ब्लाँची वाइन, पुयी-फ्युइसे ही माकों भागातील, शार्दोनेची. जव्हे-शांबर्ताँ हे गाव. शांबर्ताँ हा ग्राँ क्रू. गावाने आपल्या नावाला प्रसिद्ध बागेचे नाव जोडून घेतले आहे. किमतीतला फरक प्रचंड आहे, म्हणून ही चूक स्वस्तात पडत नाही.

क्युव्हेत: बोर्दोतील मोठी शॅटो दुसरी, म्हणजे खालच्या पायरीची, वाइनही काढतात. लँश-बाजची दुसरी वाइन ‘एको द लँश-बाज’, शॅटो लातूरची ‘ले फोर द लातूर’. लेबलवर मोठ्या घराण्याचे नाव ठळक दिसते. टिपण मात्र पहिल्या वाइनचे असते.

लेबलच्या तळाशी बारीक अक्षरांत बाटली कोणी भरली, ते छापलेले असते. ‘मि आं बुतेय ओ दोमेन’ किंवा ‘ओ शॅटो’ असेल, तर वाइन बागेच्या मालकानेच भरलेली आहे. तिथे नुसते ‘पार’ (म्हणजे ‘यांच्याकडून’) आणि एखाद्या व्यापारी पेढीचे नाव असेल, तर द्राक्षे किंवा तयार वाइन विकत घेतलेली असू शकते. काही घराणी स्वतःच्या बागेची आणि विकत घेतलेल्या द्राक्षांची अशी दोन्ही वाइन जवळजवळ सारख्याच लेबलाखाली विकतात. प्रशंसा कोणत्या वाइनची आहे, ते टिपणात पाहा आणि बाटली डोळ्यांजवळ धरून तळाची ओळ वाचा. ‘व्हिएय व्हिन्य’, ‘रेझर्व्ह’, ‘ग्राँ व्हँ द बोर्दो’ या शब्दांवर निवड करू नका. त्यांतून दर्जाची कोणतीही हमी मिळत नाही.

नेहमीच्या शॅम्पेनवर वर्षच नसते, कारण ती अनेक सालांच्या मिश्रणातून होते. म्हणून दोन वर्षांपूर्वीचे टिपण आजच्या बाटलीला लागू होईलच, असे नाही. मागच्या लेबलवर गाळ काढल्याची तारीख असल्यास ती जुळवा. क्रुग या शॅम्पेन घराण्याच्या ग्राँद क्युव्हेवर आवृत्ती क्रमांक छापलेला असतो. तिथे तोच वर्षाच्या जागी धरावा.

सावधान: दुकानातील फळीवर लावलेली ‘94 गुण’ अशी चिठ्ठी बहुतेकदा आधीच्या हंगामाची असते. चिठ्ठीवरचे वर्ष आणि बाटलीवरचे वर्ष बोटाने दाखवून ताडून पाहा. पदकांचेही तसेच. पॅरिसच्या काँकूर जेनेराल आग्रिकोलच्या चिकटपट्टीवर वर्ष असते, आणि ते स्पर्धेचे असते.

## टप्पा 5: हंगाम तपासा

मार्गदर्शिकेच्या शेवटी प्रदेशवार हंगामांचा तक्ता असतो. तो वापरताना प्रदेशाच्या आतले फरक विसरले जातात. 1998 मध्ये बोर्दोत पोमेरॉल आणि सेंत-एमिलियों ही उजव्या काठाची गावे डाव्या काठापेक्षा, म्हणजे मेदोकच्या बाजूपेक्षा, सरस ठरली. 2013 ची बोर्दो रेड कमकुवत होती, पण त्याच सालची सोतेर्नची गोड वाइन फार चांगली झाली. तक्त्यात बोर्दोसाठी एकच आकडा दिला असेल, तर तो तक्ता बाजूला ठेवा.

कमी गुणांचे साल टाळलेच पाहिजे, असेही नाही. एप्रिल 2021 मधील कडाक्याच्या हिमतुषारांनी फ्रान्सभर कोंब जळाले, शाब्लीचे पीक फार घटले, आणि थंड-ओल्या उन्हाळ्यामुळे बोर्दोची रेड हलकी, कमी अल्कोहोलची झाली. ती वीस वर्षे ठेवण्यासाठी नाही. पण लवकर उघडायची असेल, तर चांगल्या उत्पादकाची 2021 ही त्याच उत्पादकाच्या 2020 पेक्षा आजच्या जेवणात अधिक जमून येते.

## टप्पा 6: आता टिपण वाचा आणि मग गुण

शब्दांतून तीन गोष्टी काढा: तुरटपणा किती, ओकच्या पिंपाचा वास-चव किती, आणि किती काळ ठेवायची. फ्रेंच टिपणात ‘बुआझे’ म्हणजे लाकडाची चव जाणवते. ज्यांना ती आवडत नाही, त्यांनी 95 गुण असले तरी ती बाटली सोडावी. अल्सास आणि व्हूव्रे यांच्याबाबत गोडीचा उल्लेख शोधा. ‘सेक’ (गोडी नसलेली), ‘दमी-सेक’ आणि ‘मोएलो’ (गोड) या तीन वाइन एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

त्यानंतर गुण पाहा आणि दोन-तीन गुणांच्या फरकाला काहीही महत्त्व देऊ नका. कॅलिफोर्नियातील स्टेट फेअरच्या परीक्षकांवर रॉबर्ट हॉजसन यांनी केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच बाटलीतली वाइन त्याच परीक्षकाला, त्याला न सांगता, तीनदा दिली असता गुणांत साधारण चार गुण वर-खाली असा फरक पडत होता. अनुभवी परीक्षकांची ही गत असेल, तर 91 आणि 93 यांतून निवड करण्यात अर्थ नाही.

सावधान: ‘92–94’ असा पल्ला दिसला, तर ते गुण पिंपातल्या नमुन्याचे आहेत. बोर्दोची वाइन कापणीनंतरच्या वसंतात, बाटलीत भरण्याच्या कितीतरी आधी, चाखली जाते. दुकानदार त्यातला वरचा आकडा सांगतो. बाटलीतल्या वाइनचे गुण उपलब्ध असतील, तर तेच धरा.

## टप्पा 7: दुकानात

फ्रान्समध्ये सप्टेंबरात सुपरमार्केटांच्या वाइन जत्रा भरतात आणि नव्या मार्गदर्शिकाही त्याच सुमारास येतात, त्यामुळे घाईने पेट्या उचलल्या जातात. एकच बाटली घ्या, त्याच संध्याकाळी उघडा आणि पसंत पडली तरच दुसऱ्या दिवशी पेटी घ्या.

भारतात बाटलीची अवस्था गुणांपेक्षा महत्त्वाची आहे. कॉर्क वर आलेले, आवरणाखाली चिकट ओघळ, मानेतली पातळी खाली गेलेली, बाटली उन्हाच्या काचेत उभी, यांपैकी काहीही दिसले तर घेऊ नका; उष्णतेने बिघडलेल्या वाइनला कोणतीही मार्गदर्शिका वाचवू शकत नाही. प्रोव्हान्सची रोझे आणि साधी व्हाइट शक्य तितकी ताज्या सालाची घ्या. घरी आणल्यावर स्वयंपाकघरातील फडताळात महिनोन्महिने ठेवू नका. थंड जागा नसेल, तर मुरवण्याची वाइन विकत घेण्याचा विचारच सोडा आणि पूर्वतयारीतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदला.

## टप्पा 8: वही ठेवा

उघडलेल्या प्रत्येक बाटलीची चारही जुळवलेली नावे, मार्गदर्शिकेचे मत आणि आपले मत एका ओळीत लिहा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर तो कॉर्कचा दोष आहे. त्या बाटलीवरून ना उत्पादकाला जोखा, ना मार्गदर्शिकेला.

दहा-बारा बाटल्यांनंतर आपले परीक्षकाशी कुठे पटते, ते दिसू लागते. बोर्दोबाबत पटते आणि ल्वारबाबत नाही, असे निघाले, तर ल्वारसाठी दुसरी मार्गदर्शिका घ्या. संपूर्ण फ्रान्ससाठी एकाच पुस्तकावर निष्ठा ठेवण्याची गरज नाही. दरवर्षी नवे पुस्तक घेणेही आवश्यक नाही. उत्पादकांविषयीची माहिती चार-पाच वर्षे कामी येते. हंगामांचे तक्ते, किमती आणि वाइननिहाय गुण मात्र लवकर शिळे होतात. नवी आवृत्ती हाती आली, की आपल्या वहीतल्या उत्पादकांची पाने आधी उघडा. एखाद्या घराण्याचे टिपण अचानक थंड झाले असेल, तर तिथला वाइनकर्ता किंवा मालक बदलला आहे का, ते पाहा, आणि पुढची पेटी घेण्याआधी एक बाटली चाखा.